उतरलेलं नाव

स्ताथिसला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. त्याच वर्षी मार्चमध्ये घरचं म्हातारं खेचर मेलं, आणि नवं आणायचं नाही असं स्ताथिसच्या बापाने, एपामिनोंदास स्पिलिओपुलोसने, ठरवून टाकलं. ठरवलं म्हणजे तरी काय, कुणी विचारलं की नुसता हात हलवायचा. ऑलिव्हची झाडं उतारावर होती. खेचर नाही म्हणजे हिवाळ्यात पोती खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावी लागणार होती. तरी त्याने हातच हलवला. पहाटे उठावं, बुटात पाय घालावेत, आणि तिथेच खाटेच्या कडेला बसून राहावं, असं त्याचं गेली दोनतीन वर्षं चाललं होतं. अंगात ताप नव्हता, दुखणं नव्हतं. बायको पोलिक्सेनी आतून ओरडायची, "कॉफी निवतेय", तेव्हा कुठे तो उठायचा.

लिथारी गावात त्याला सगळे नोंदा म्हणत. पूर्ण नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? एपामिनोंदास अशी हाक पुरी होईस्तोवर बकरी कोबीचा वाफा खाऊन मोकळी होते, असं गावातले लोक म्हणत. असली लांबलचक नावं त्या गावात ढिगाने होती. नोंदाच्या आजोबांच्या वेळी एक मास्तर तिथे बदलून आला होता. त्याला जुन्या काळच्या सेनापतींचं आणि ज्ञानी माणसांचं भारी वेड. गावात पोर झालं की हा धर्मपिता म्हणून पुढे व्हायचा, आणि पाद्रीने नाव विचारलं की दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी नाव ठोकून द्यायचा. पाद्री दात खात राहायचा, पण करणार काय? बाप्तिस्म्याला धर्मपित्याच्या तोंडून निघेल ते नाव, तिथे आईबापाचंही चालत नाही. मास्तर मरून गेला आणि नावं राहिली, आजोबांकडून नातवाकडे, नातवाकडून त्याच्या नातवाकडे. नोंदाच्या पिढीत गावातला लिओनिदास कुत्र्याला घाबरायचा आणि सोक्रातिसला अंगठा उठवण्यापलीकडे काही येत नव्हतं. कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

या नावांची एकच पंचाईत होती. त्यांना संत नव्हता. स्ताथिसच्या नावाचा संत आहे, त्याचा दिवस सप्टेंबरात येतो. त्या दिवशी घराचं दार सताड उघडं ठेवायचं, येईल त्याच्या हातावर गोड ठेवायचं, आणि येणाऱ्याने म्हणायचं, खूप वर्षं जग. ज्यांच्या नावाला संत नाही त्यांनी जूनमधल्या सर्व संतांच्या रविवारी आपला दिवस साजरा करायचा. उरल्यासुरल्यांचा दिवस, असं नोंदा म्हणायचा. लोक "खूप वर्षं जग" म्हणाले की तो म्हणायचा, "आधीच तीन जास्तीची आहेत, ती कुणी घेतं का बघा." लोक हसायचे. ते का म्हणतो ते जुन्या लोकांना माहीत होतं, नव्यांनी विचारलं नाही.

मूल झालं त्याच्या तिसऱ्या महिन्यात स्ताथिसचा पात्रा शहराहून फोन आला. तो तिथे बंदरावर नोकरीला होता. मूल अजून नुसतं बाळ होतं, बाप्तिस्मा होईपर्यंत नावाने हाक मारत नाहीत. स्ताथिस म्हणाला, बाबा, सर्व संतांच्या रविवारी गावातच उरकू, तुमचाही दिवस, त्याचाही. आणि तुमचंच नाव काढतोय, वेगळं सांगायला नको. पहिल्या मुलाने आजोबांचं नाव काढायचं हा तिथला नेमच आहे, तेव्हा खरंच वेगळं सांगायला नको होतं. पोलिक्सेनी बाजूला कान देऊन उभी होती. ती स्टुलावर बसली आणि पदराआड रडावं तशी एप्रनचं टोक डोळ्यांना लावून रडली. अकरा वर्षं तिने मेणबत्त्या लावल्या होत्या. नोंदा म्हणाला, "बरं." फोन ठेवला आणि बाहेर जाऊन लाकडं रचायला लागला. एप्रिल महिना होता, लाकडांची गरज ऑक्टोबरात पडणार होती.

त्याला ते नाव पुढे जायला नको होतं. पण ही गोष्ट बोलायची कशी? त्या गावात नातवाने नाव काढलं नाही म्हणून म्हातारे मुलाशी जन्मभर बोलत नाहीत. आपलं नाव नको म्हणणारा म्हातारा कुणी पाहिला नव्हता. उद्या लोक नावं ठेवतील, म्हणतील बापलेकांत काहीतरी बिनसलंय, नाहीतर सुनेने काहीतरी केलंय.

नोंदाच्या आधी एक नोंदा होऊन गेला होता. तो एकोणीस सालचा. बावीस सालच्या फेब्रुवारीत घटसर्पाने गेला, पावणेतीन वर्षांचा होता. आजोबा जिवंत होते, त्यांचं नाव पडून राहायला नको म्हणून त्याच साली ऑक्टोबरात पुढचा मुलगा झाला तेव्हा त्यालाही तेच नाव दिलं. यातही काही नवल नव्हतं, पुष्कळ घरांत असं होत असे. चूक झाली ती बापाची. मृत्यूची नोंद करायला तालुक्याच्या गावी अर्धा दिवस चालत जावं लागायचं, जन्माची करायलाही तेवढंच. बाप दोन्हीला गेला नाही. नाव तेच, आईबाप तेच, एक गेला आणि एक आला, मग खाडाखोड कशाला? तेव्हा कागदावर कुणी मेलंही नाही आणि कुणी जन्मलंही नाही. नोंदा जन्मला त्या दिवशी कागदावर तो तीन वर्षांचा होऊन वर चार महिने झालेले होते.

चाळीस साली युद्ध लागलं आणि एकवीस वर्षांच्या एपामिनोंदासला बोलावणं आलं. नोंदा अठराचा होता. त्याने कारकुनाला सांगितलं, तो मी नव्हे, तो माझा भाऊ, तो मेला. कारकून म्हणाला, "मग तू कोण?" त्याला दाखवायला कागद नव्हता. अल्बानियाच्या डोंगरात बर्फाने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. बोटं तोडली त्या तंबूत शेजारच्या खाटेवरच्या शिपायाने वेळ जात नाही म्हणून त्याला अक्षरं शिकवली, पहिलं त्याचं स्वतःचं नाव. लंगडत गावी परत आला तेव्हा वाळक्या काटकीसारखा सुकलेला होता, आणि कबरस्तानावरून येताना सहज नजर गेली ती एका बारक्या दगडावर. लहानपणापासून तो दगड त्याने हजारदा पाहिलेला. त्या दिवशी पहिल्यांदा तो वाचता आला. गावात त्याने वाचलेला पहिला शब्द म्हणजे स्वतःचं नाव, तेही थडग्यावर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंदाने मनाचा हिय्या केला आणि दुपारी चिनाराच्या झाडाखाली जाऊन बसला. कालामाता शहराची बस बारा वाजता तिथे यायची आणि वीस मिनिटं थांबून परत फिरायची. ती बस थेमिस्तोक्लिस चालवायचा. त्याला सगळे थेमिस म्हणत. स्ताथिसचा जिवलग, लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल केले ते त्याने, म्हणून पहिल्या मुलाचा धर्मपिताही तोच. बस रिकामी झाली. थेमिसने पायरीवर बसून पाव आणि चीज काढलं आणि अर्धं नोंदाच्या हातात दिलं.

नोंदाने ते गुडघ्यावर ठेवलं. म्हणाला, "चर्चमध्ये नाव तू सांगणार."

"नाहीतर काय, गाडीचा नंबर सांगू?"

"यान्निस सांग."

थेमिसचा घास तोंडातच राहिला. त्याने विचारलं, स्ताथिसशी भांडलात का? नोंदा म्हणाला नाही. मग सुनेशी? सून चांगली आहे, तिच्याशी कोण भांडेल. मग काकूंशी? नोंदा म्हणाला, तिच्याशी रोजच, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. थेमिस हसला, पण म्हातारा हसत नाहीये हे बघून त्याने हसू आवरलं.

"नोंदाकाका," तो म्हणाला, "माझं बघा. जुना थेमिस्तोक्लिस म्हणे आरमार घेऊन लढला, आणि मला गुडघाभर पाण्यात चक्कर येते. नावाने काय होतंय माणसाचं?"

"तुझं नाव तुझं आहे. तू यायच्या आधी त्याचं थडगं नव्हतं."

मग नोंदाने त्याला ती गोष्ट सांगितली. बायकोला एकदा सांगितली होती, लग्नाच्या वर्षी, त्यानंतर कुणाला नाही. पावाच्या तुकड्याकडे बघत सांगितली.

"मी पाच-सहा वर्षांचा असेन. आई शनिवारी दुपारी कबरस्तानात दिवा लावायला जायची. मी खाली ओढ्यात खेकडे धरत होतो. वरून हाक आली, नोंदा, अरे माझ्या नोंदा, ये रे. मी तसाच ओल्या पायांनी धावत वर गेलो. आलो आई, म्हटलं. ती दगडाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तुला नाही."

थेमिसने हातातला पाव पायरीवर ठेवला.

"तिने काही मारलं नाही, रागावली नाही. नुसतं तेवढंच. पण त्यानंतर मला तिने पोरा म्हटलं, अरे म्हटलं, ए म्हटलं. नावाने कधी नाही, मरेपर्यंत. त्याचे कपडे मला आले होते, ते दोन वर्षांत मी फाडून टाकले. नाव फाटत नाही, थेमिस. बाहत्तर वर्षं होत आली, उतरलेलं नाव घालून फिरतोय. त्याची लढाई मी लढलो, त्याची तीन वर्षं माझ्या डोक्यावर आहेत. आता ते त्या लेकराच्या अंगात घालू नका. त्याला कोरं काहीतरी द्या."

बसकडे दोन बायका टोपल्या घेऊन येत होत्या. थेमिसने हात झटकले. म्हणाला, काका, पोलिक्सेनीकाकू मला माझ्याच बसखाली घालतील. आणि स्ताथिस? त्याला काय सांगू? नोंदा म्हणाला, सांग की तोंडून निघून गेलं. थेमिसने डोकं खाजवलं, आकाशाकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला. एवढं बोलून नोंदा इतका दमला होता, की बस निघून गेल्यावरही तो तासभर तिथेच बसून राहिला. गुडघ्यावरच्या पावाला मुंग्या लागल्या.

गावात खोकला लपत नाही आणि गुपितही लपत नाही. थेमिसने बायकोला सांगितलं, बायकोने कुणाला सांगितलं नाही, फक्त विहिरीवर पोलिक्सेनीला भेटल्यावर तिचा चेहरा नेहमीसारखा राहिला नाही. तेवढं पोलिक्सेनीला पुरलं. पण घरी येऊन ती काहीच बोलली नाही. आठवडाभर तिने भिंतींना चुना दिला, अंगण धुतलं, साखरेचे बदाम जाळीच्या तुकड्यांत बांधले. नोंदा तिच्या पायांत येऊ नये म्हणून झाडांखाली जाऊन बसायचा.

शनिवारी दुपारी स्ताथिस आणि त्याची बायको उरानिया बाळाला घेऊन आले आणि प्रवासाने थकून आत झोपले. पोलिक्सेनी स्वयंपाकघरात नोंदाच्या जुन्या कोटाला ओल्या फडक्याने घासत होती. तिने त्याला समोर बसायला सांगितलं. मग कोटावरची नजर न काढता विचारलं, "या घरात तुला हाक कोण मारतं?"

"तूच. अजून कोण आहे?"

"किती वर्षं झाली?"

त्याने मोजलं. एकोणपन्नास साली लग्न झालं होतं. म्हणाला, पंचेचाळीस.

"तुझ्या आईबद्दल मी काही बोलणार नाही. मेलेल्या बाईबद्दल बोलू नये. तिला जे सोसलं ते तिला ठाऊक." तिने कोटाची बाही उलटी केली. "पण तिने टाकलेलं मी उचललं. उचललं, धुतलं, पंचेचाळीस वर्षं या दरीतून त्या दरीत हाका मारून वापरलं. आता ते माझं आहे. माझ्या वस्तूचं काय करायचं, ते तू बसवाल्याला विचारून ठरवणार?"

ती चिडली असती तर त्यालाही चिडता आलं असतं. ती म्हणाली, बूट घालून बघ, डाव्यात कापूस जास्त लागेल. त्याने बूट घातले. संध्याकाळभर त्याच्या मनात येत होतं की खाली थेमिसच्या घरी जावं आणि सांगावं, जाऊ दे, नेहमीचंच नाव सांग. मग वाटायचं, नको, बोललो ते खरंच बोललो. दोन्हींतलं एक काहीतरी करायला उठायला हवं होतं, आणि उठणं जिवावर आलं. तो ओट्यावर बसून राहिला. समोरच्या डोंगरावरचं ऊन वर वर सरकत गेलं आणि मग गेलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर गाव चर्चमध्येच थांबलं. पाद्री सोफ्रोनिस ऐंशीचा, डावा कान पार गेलेला, उजव्याने जरा ऐकू यायचं. तेलाचा वास सुटला होता. पितळी कुंडात कोमट पाणी ओतून झालं, बाळाचे कपडे उतरवले, आणि थेमिसने त्याला पांढऱ्या टॉवेलात धरलं. बाळ भोकाड पसरून रडत होतं, आणि थेमिसच्या कपाळावरून घाम असा गळत होता की त्यालाच बाप्तिस्मा द्यायचाय असं वाटावं. जुन्या रीतीप्रमाणे आईने नाव ऐकू येईपर्यंत आत यायचं नसतं, म्हणून उरानिया बाहेर सुरूच्या झाडाखाली उभी होती. पोलिक्सेनी तिच्या सोबतीला गेली होती, पण एक पाय उंबरठ्याच्या आत ठेवून. गावची पोरं दाराशी दबा धरून होती. नाव ऐकलं की धावत जाऊन आईला जो पहिल्यांदा सांगेल त्याला खाऊ मिळतो. स्ताथिस पुढे उभा होता, नवा टाय लावून, चेहरा उजळलेला. त्याने गुरुवारीच फोनवरून पाद्रीला नाव कळवलं होतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणून तीनदा कळवलं होतं.

नोंदा मेणबत्त्यांच्या स्टँडजवळ होता. नसलेली दोन बोटं ठणकत होती. पावसाळी हवा असली की ती ठणकत, आणि गर्दीत उभं राहिलं की.

पाद्री थेमिसकडे वळला. "नाव काय?"

थेमिसने तोंड उघडलं आणि मिटलं. मान वळवून नोंदाकडे पाहिलं. पुढे स्ताथिस वाट बघत होता. थेमिसच्या डोळ्यांत नुसता एकच प्रश्न होता, अजून तसंच का? नोंदाने मान हलवली की झालं. हो किंवा नाही, कशीतरी हलवायची होती. त्याला मान जड झाल्यासारखी वाटली. आईचा चेहरा त्याला आठवेना, नुसता तिच्या हातातला दिवा आठवत होता.

तेवढ्यात दारातून हाक आली.

"नोंदा!"

दरीपलीकडून जेवायला बोलवायचा तो आवाज. चर्चच्या घुमटात तो असा घुमला की मेणबत्त्या हलल्यासारख्या वाटल्या. आणि नोंदाने, विचार करायच्या आधीच, पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने, आहे त्या जागेवरून मोठ्याने ओ दिली, "आलो!"

पाद्रीचा उजवा कान दाराच्या बाजूला होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, इतक्या स्पष्टपणे नाव त्याला कितीतरी दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. "देवाचा सेवक एपामिनोंदास याचा बाप्तिस्मा होत आहे," तो घोगऱ्या आवाजात गायला, आणि थेमिस काही म्हणायच्या आत बाळ त्याच्या हातातून काढून पाण्यात बुडवलं. एकदा, दोनदा, तीनदा. पोरं सुटली. एकमेकांना ढकलत, "एपामोनी", "एपामिदास", ज्याला जसं झेपलं तसं ओरडत बाहेर धावली, आणि उंबरठ्यावर पोलिक्सेनीला धडकून सगळी खाली पडली. पाण्यात नाव उच्चारून झालं की ते काढता येत नाही. मास्तरच्या वेळी पाद्रीला काढता आलं नव्हतं, आता कुणाला येणार?

नोंदा गर्दीतून वाट काढत दाराशी गेला. बाहेर उरानिया हसत होती आणि रडत होती, पोरांना साखरेचे बदाम वाटत होती. पोलिक्सेनी गुडघा चोळत उभी होती.

"काय हवं होतं?" त्याने विचारलं.

"टोपी. देवाच्या घरात माणसाने टोपी काढावी."

त्याने डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर काही नव्हतं, केस सुद्धा नव्हते. टोपी कोटाच्या खिशात होती, घडी करून, सकाळी तिनेच ठेवून दिली होती तशी. त्याने ती बाहेर काढून तिला दाखवली. ती म्हणाली, "मग बरं आहे," आणि सुनेला धरून आत गेली.

जेवणं अंगणात झाली. दोन बोकड भाजले होते, दारू पुरून उरली. थेमिस तीनदा नोंदाजवळ आला आणि तीनदा शपथ घेऊन गेला, काका, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, बायकोची शपथ. नोंदा म्हणाला, माहीत आहे, जा, जेव. दुपार कलल्यावर त्यांनी बाळ आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. तेलाने केस चिकटलेले, रडून रडून गाढ झोपलेलं. नोंदाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. दोघेही थकलेले होते. लोक येऊन म्हणत होते, खूप वर्षं जगो, नाव खूप वर्षं जगो. तो नुसता मान हलवत होता. तीन वर्षांचा विनोद त्या दिवशी त्याने केला नाही.

त्यानंतरचा हिवाळा त्याने पोती खांद्यावरून आणली. पुढच्या हिवाळ्यात झाडं शेजाऱ्याला अर्ध्या वाट्याने दिली. थकवा काही गेला नाही. बूट घालून तो खाटेच्या कडेला बसायचा तसाच बसत राहिला.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात नातू महिनाभर गावी राहिला. अडीच वर्षांचा होता, अंजिराच्या झाडाखाली सुरवंट गोळा करायचा. एका दुपारी पोलिक्सेनीने दारातून हाक मारली, नोंदा. अंजिराखालून बारका आवाज आला, आलो. ओट्यावरून मोठा आवाज आला, आलो. दोघेही थांबले. लहान्याने आजोबांकडे पाहिलं, त्याला वाटलं असेल की आपण काही चुकीचं केलं. त्याच्या मुठीत सुरवंट होता.

नोंदाच्या तोंडात शब्द आले होते, तुला नाही. ते त्याने गिळले. बायकोला विचारलं, "अगं, कुणाला बोलावलंस?"

"दोघेही या," ती म्हणाली. "भेंडी थंड होतेय."

पोरगा धावत गेला. म्हाताऱ्याला उठायला वेळ लागला. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. आत जाऊन बसला तेव्हा नातवाने सुरवंट त्याच्या ताटाशेजारी ठेवला होता.

पुढे दगड घडवणाऱ्याला कबरस्तानातल्या त्या बारक्या दगडापाशी बोलावलं तेव्हा त्याने स्ताथिसला विचारलं, साल कुठलं घालू? कागदावर एकोणीस आहे. पोलिक्सेनी म्हणाली, एकोणीस ते बावीस आधीचं कोरलेलंच आहे, त्याचं त्याला राहू दे, ह्याचं बावीसपासून घाल. नाव आधीच होतं. त्याने काळी पडलेली अक्षरं नुसती घासून घेतली आणि खाली नवे आकडे कोरले.

एपामिनोंदास स्पिलिओपुलोस सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, रविवारी सकाळी लिथारीत आपल्या घरी वारला. कागदावर सत्त्याहत्तर वर्षांचा होता. खरं वय चौऱ्याहत्तर.